अहो नावाचं जहाज

आईला समुद्रात जायचं होतं आणि थोरलीला ती परत यायला हवी होती. इच्छा दोन्ही साध्याच. पण त्यांच्या मधोमध एक वायरलेस येऊन पडला आणि घराची पार रया गेली.

मुळात वडील गेले ते कयाकमध्ये. कयाक म्हणजे एका माणसापुरती, प्लास्टिकची, वल्ह्याने हाकायची चिंचोळी होडी. निवृत्तीनंतर काही माणसं सोसायटीच्या कमिटीत शिरतात आणि इतरांचं आयुष्य कमी करतात; वडील मासे धरायला शिकले. छातीत कळ आली तेव्हा ते किनाऱ्याच्या इतके जवळ होते, की धक्क्यावर फिरायला आलेल्यांना त्यांच्या टोपीचा रंग दिसत होता. त्यांनी वल्हं उचलून हलवलं. धक्क्यावरच्या लोकांनीही हात हलवले. माणसं भली होती. एका बाईंनी तर कडेवरच्या नातवाचाही हात धरून हलवला होता. हे त्या स्वतःच भेटायला येऊन रडत सांगून गेल्या, आणि आईलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागलं. मोबाइल होता. तो पिशवीत होता, पिशवी होडीच्या शेपटाकडच्या खणात होती, आणि खणाचं झाकण उघडायला मागे वळावं लागतं. गळाला लागलेला मासा मात्र होडी ओढून आणली तेव्हा जिवंत होता. समोरच्या काकूंनी "केवढा होता?" असं विचारलं, विचारल्यावर जीभ चावली, पण उत्तराची वाट पाहिली.

होडी घरी आली ती जिन्याखाली उभी राहिली. नारंगी रंगाची, माणसापेक्षा उंच. येणारा-जाणारा तिच्याकडे बघून आवाज खाली आणायचा. पोस्टमनसुद्धा.

आणि वर्ष व्हायच्या आत एका सकाळी आई ओटा पुसता पुसता म्हणाली, "येत्या रविवारी होडी काढीन म्हणते."

थोरलीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने खाली ठेवला, कारण अशा वेळी कप पाडायचे असतात ते कादंबरीत. घरात फरशी आपल्यालाच पुसावी लागते.

आईला पाणी नवीन नव्हतं. ती तरण तलावावर बायकांच्या बॅचमध्ये वर्षानुवर्षं पोहत आली होती, आणि तिथेच हल्ली कयाकचे धडेही गुपचूप घेऊन झाले होते. प्रश्न पोहता येण्याचा नव्हताच. प्रश्न असा होता, की वडील गेल्यापासून आईने आवराआवर काढली होती. कपाटं रिकामी केली. किल्ल्यांना रंगीत दोरे बांधले, लाल माळ्याची, हिरवी लोखंडी कपाटाची. थोरलीला बँकेत नेऊन इथे-इथे सह्या करायला लावल्या. थोरली कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. आयुष्यभर दुसरं काही न करता वाचत आलेली. किल्ल्यांना दोरे बांधून पाण्याकडे चालू लागलेल्या बाईचं पुढच्या प्रकरणात काय होतं, हे तिला पाठ होतं. विचारायचं होतं ते एवढंच, की आई, तू परत यायला जातेयस ना? पण अशी वाक्यं सख्ख्या आईला विचारता येत नाहीत. ओटा पुसत असताना तर नाहीच. तोंडातून निघालं ते भलतंच.

"वायरलेस घेतल्याशिवाय नाही."

"बरं," आई म्हणाली, "घे मग," आणि फडकं पिळलं.

अशी त्या कामाला मंजुरी मिळाली.

थोरलीने अभ्यासाला सुरुवात केली. होडीवाल्यांचा हातातला वायरलेस हा प्रकार वरून मोबाइलच्या थोरल्या भावासारखा दिसतो आणि आतून एखाद्या घराण्यासारखा असतो: नाना शाखा, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. काही पाण्यात तरंगतात, काही बुडतात. काही पाण्यात पडले की आपोआप दिवा लुकलुकवतात. काहींना लाल झाकणाखाली एक बटण असतं. ते दाबलं की आपण बुडतोय हे आपण न बोलता सगळ्यांना कळतं. हे बटण माणसांनाही हवं होतं, असं थोरलीला वाटून गेलं. पाणी किती सोसेल त्याचेही आकडे असतात. एक मीटर खोल, अर्धा तास. ही ओळ तिने परत परत वाचली. अर्धा तास हा वेळ यंत्राच्या दृष्टीने चांगला समजतात.

धाकट्याचा फोन आला. धाकटा परदेशी असतो, आणि लांब असलेल्या मुलांना घरातलं सगळं जवळच्यांपेक्षा जास्त कळतं.

"ताई, तरंगणाराच घे. डोळे मिटून घे. मी तुला आठ दुवे पाठवलेत."

"तू आईला सांग ना, जाऊ नको म्हणून."

"मी कसं सांगू? मी इथे." पलीकडून टायपिंगचा आवाज आला. "नववाही पाठवतो," धाकटा म्हणाला.

खालच्या मजल्यावर चीफ राहतात. मोठ्या जहाजांवर चीफ इंजिनियर होते. जहाज सुटून जमाना झाला, पण हुद्दा सुटलेला नाही. भाजीवालाही त्यांना चीफच म्हणतो आणि माल तोच देतो. त्यांनी थोरलीचा कागद हातभर लांब धरून वाचला.

"तरंगणारा? मुळीच घेऊ नकोस. तरंगतो म्हणजे हलका. हलका म्हणजे बॅटरी एवढीशी."

"मग काय, बुडणारा घेऊ?"

"बुडणारा असला की माणूस त्याला घट्ट धरून ठेवतो पोरी. तरंगणाऱ्याच्या भरवशावर राहणारे सोडून देतात." हे बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की आपण वायरलेसबद्दल बोलत होतो, आणि ते चष्मा पुसू लागले.

समोरच्या काकूंना फक्त "रेडिओ" एवढंच ऐकू आलं होतं. "घे बाई घे. तेवढीच तिला सोबत. दुपारी जुनी गाणी लागतात."

"गाण्यांचा नाही काकू. बोलायचा. होडीतून बंदराशी."

"अगंबाई! मग त्याला मोबाइल काय वाईट?"

ह्यावर थोरलीने नुसतं पाहिलं. काकूंना खणाचं झाकण आठवलं असावं. त्या दारामागे गेल्या आणि बराच वेळ आतून कडी लावल्याचा आवाज आला नाही.

जहाजांना सामान पुरवणारं दुकान बंदराच्या मागच्या गल्लीत आहे. आत दोरखंड, रंगाचे डबे, नांगर आणि हवेत डांबराचा वास. आई, थोरली आणि चीफ असे तिघे गेले. चीफना कुणी बोलावलं नव्हतं. पण बंदराच्या गल्लीत आपल्याशिवाय कुणी गेलं तर फसवणूक होते, असा त्यांचा समज. दुकानदाराने चीफकडे पाहून विचारलं, "जहाज किती टनी?"

"एकवीस किलो," थोरली म्हणाली.

दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा आदर टनाटनाने उतरला. तरी माणूस धंद्याचा. त्याने दोन नग काउंटरवर ठेवले आणि खालून पाण्याची बादली ओढली. "बोलून काय उपयोग? बघाच." दोन्ही त्याने बादलीत सोडले. एक बुडबुडे काढत तळाला गेला. दुसरा वर आला आणि दिवा लुकलुकवू लागला. तिघंही बादलीत वाकून बघत राहिली. वरचा लुकलुकत होता, खालचा गप्प होता. थोरलीला एकाएकी दुकानाबाहेर जावंसं वाटलं.

दुकानदाराने दोन्ही काढून पुसले आणि बटणं दाबली. एकही सुरू होईना.

"हे डेमोचे आहेत," तो जराही न ओशाळता म्हणाला. "रोज बुडवून बुडवून त्यांचं असं झालंय. खोक्यातला नवा असतो."

"म्हणजे रोज बुडवला तर बंद पडतो?" थोरलीने विचारलं.

"ताई, रोज बुडवलं तर कोण चालू राहील?"

चीफ बुडणाऱ्याच्या बाजूने बोलू लागले. थोरलीने पर्स उघडून तुलनेचा कागद काढला: बॅटरी, वजन, पल्ला, वॉरंटी, सगळं रकान्या-रकान्यांत. कित्येक संध्याकाळी तिने त्यावर घालवल्या होत्या. आईने दोन्ही यंत्रं एकदा ह्या हातात, एकदा त्या हातात घेतली, तरंगणाऱ्याचं बाजूचं बटण अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हा द्या. ह्याचं बटण मोठं आहे. न बघता लागतं."

थोरलीने कागदाची घडी केली. तिच्या कागदात बटणाचा रकाना नव्हता.

घेणं सोपं होतं असं नंतर कळलं. असा वायरलेस कुणीही उठून वाजवायचा नसतो. परवाना लागतो, आणि परवाना माणसाला मिळत नाही, जहाजाला मिळतो. परवान्याच्या कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, दुसरीवरून जेवणाच्या सुट्टीवर, असं करत दोघी अखेर एका टेबलापर्यंत पोचल्या. टेबलामागचे साहेब मवाळ होते. नियमांचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं, पण ते नियम सोडायचे नाहीत.

"जहाजाचे मालक?"

"माझे मिस्टर," आई म्हणाली.

"इथे त्यांची सही लागेल."

"ते वारले."

"अरेरे." साहेबांनी पेन खाली ठेवलं, पुरेसा वेळ खाली ठेवलं, आणि परत उचललं. "मग जहाज कुणाचं?"

ह्यावर वारसाचा दाखला, धाकट्याची लेखी हरकत नसणं, आणि होडी ही स्थावर की जंगम, असे तीन विषय निघाले. धाकट्याने आठ दुवे पाठवायला जेवढा वेळ घेतला होता, त्याच्या कितीतरी पट वेळ एक सही पाठवायला घेतला. सगळं घेऊन त्या परत आल्या तेव्हा साहेबांनी त्यांना ओळखलं आणि त्यांना पुन्हा वाईट वाटलं.

"जहाजावर खलाशी?"

"मी."

"कप्तान?"

"मीच."

"जीवरक्षक होड्या किती?"

"आहे ती तीच."

"शून्य लिहितो. जहाज बुडाल्यास कुणाला कळवायचं? जवळचं नातेवाईक हवं. जहाजावर नसलेलं."

आईने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने टेबलाच्या कडेकडे पाहिलं. कडेचा सनमायका उचकटला होता. "हिचं नाव घाला," आई म्हणाली.

"आणि जहाजाचं नाव?"

नावाचा विचार कुणीच केला नव्हता. घरात तिला होडी म्हणत, शेजारी "ती" म्हणत. साहेबांनी समजावलं, की नाव लागतंच. पाण्यात माणसाला हाक मारत नाहीत, जहाजाला मारतात, तीही तीनदा. थोरलीने घाईघाईने दोन-चार नावं सुचवली, एक पक्ष्याचं, दोन नक्षत्रांची. साहेबांनी कॉम्प्युटरवर टाकून पाहिली. सगळी घेतलेली. नक्षत्रं तर वाट बघायच्या यादीवर होती.

आई इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. ती वळली.

"अहो," ती म्हणाली.

"बोला."

"अहो."

"बोला ना बाई. ऐकतोय मी."

"नाव सांगतेय. अहो. अ आणि हो. लिहा."

साहेबांनी थोरलीकडे पाहिलं, मग आईकडे. ह्या वेळी त्यांना वाईट वाटलं की काय वाटलं, ते चेहऱ्यावर कळेना. त्यांनी दोन अक्षरं टाइप केली आणि थांबले.

"ह्या नावाचं दुसरं कुणी नाहीये," ते म्हणाले.

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

घरी तालीम सुरू झाली. आई बाल्कनीत, म्हणजे समुद्रात. थोरली स्वयंपाकघरात, म्हणजे बंदरात. वायरलेस बंद ठेवून नुसतं बोलायचं.

"तू आधी बंदराला हाक मार. तीनदा. मग स्वतःचं नाव. मग म्हणायचं, ओव्हर."

"ओव्हर म्हणजे?"

"म्हणजे, माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला."

"तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत हा शब्द एकदाही वापरला नाही," समुद्रातून आवाज आला. थोरली हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आई बाबांबद्दल असं, त्यांच्या जिवंतपणी बोलायची तसं, कितीतरी महिन्यांनी बोलली. ह्याने तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, निघायच्या आधी माणसं अशीच हलकी होतात. वाचलेलं होतं ना.

अखेर परवाना हातात पडला, आणि मग तो रविवार आला. चीफनी आपल्या जुन्या ओळखीवर थोरलीची सोय बंदराच्या कंट्रोल रूममध्ये लावली, आणि कुणी न बोलावता स्वतःही आले. काचेची खोली, वर चढून चढून धाप लागेल अशी. समोर सगळा समुद्र, टेबलावर मोठा वायरलेस, आणि खुर्चीत एक ऑपरेटर. त्याने थोरलीला स्टूल दिलं आणि सांगितलं की कशालाही हात लावायचा नाही. खाली उतारावरून आईने होडी पाण्यात लोटली. नारंगी ठिपका एवढासा होत गेला. जाताना तिने नेहमीप्रमाणे मागे वळून "येते गं" म्हटलं होतं. थोरलीने ते दिवसभर जपून ठेवायचं ठरवलं होतं.

थोड्या वेळाने यंत्र खरखरलं.

"बंदर कंट्रोल, बंदर कंट्रोल, बंदर कंट्रोल. मी अहो. मी पोचले जागेवर. ओव्हर." आवाज जरा दबका होता, तोंडावर उशी ठेवून बोलल्यासारखा.

ऑपरेटरने माइक ओढला. "अहो, अहो, अहो, हे बंदर कंट्रोल. ऐकू येतंय. ओव्हर."

"बोला साहेब," दुसराच एक पुरुषी आवाज आला. "मला म्हणालात?"

"तुम्हाला नाही. अहोला."

"हो, मग बोला ना. मीच आहे."

"तुम्ही कोण?"

"तुम्ही हाक मारलीत ती कुणाला?"

"अहो!"

"अहो, बोला की मग!"

आता तिसरी नाव मध्ये पडली, कुणाला काय अडचण आहे ते विचारायला. चौथीने तिसरीला गप्प बसायला सांगितलं, अर्थातच "अहो, गप्प बसा जरा" असं म्हणून, आणि आईने इमानदारीत उत्तर दिलं, "मी गप्पच आहे. ओव्हर." ऑपरेटरने थोरलीकडे मान वळवून विचारलं, "हे नाव सुचवलं कुणी?" चीफ काचेतून बाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मग सगळं निवलं. नावा आपापल्या कामाला लागल्या. ठिपका जागच्या जागी होता. थोरली नुसती त्याच्याकडे बघत बसली. पापणी मिटली तर तेवढ्यात काही होईल अशा धास्तीने.

यंत्र पुन्हा जिवंत झालं. ह्या वेळी हाक नव्हती. पाण्याची चुळबुळ, आणि प्लास्टिकची पिशवी चुरगळावी तसा आवाज.

"कुणाचं तरी बटण दाबलं गेलंय," ऑपरेटर म्हणाला. "ते सुटेपर्यंत आपण काही बोलून उपयोग नाही. आपण ऐकायचं फक्त."

"अहो," आई म्हणाली.

ऑपरेटरचा हात सवयीने माइककडे गेला आणि थांबला. ही हाक बंदराला नव्हती.

"ऐकताय ना. ऐकतोय असं कधी म्हणाला नाहीत म्हणा, पण ऐकायचात." पाणी होडीला थपथपलं. "तुम्ही रोज काय बघायचात ते बघायला आले. काही नाहीये हो इथे. मला वाटायचं, घरापेक्षा बरं काहीतरी असणार, त्याशिवाय माणूस असा पहाटे पळत नाही. नुसतं पाणी आहे."

ऑपरेटरने आवाज कमी करायला बोटं पुढे केली आणि मागे घेतली. संकटाच्या हाका ह्याच चॅनलवर येतात, म्हणून त्याचा आवाज कमी करायला मनाई असते. त्याला ऐकायचं नव्हतं, आणि न ऐकायची परवानगी नव्हती. समुद्रावर जितक्या नावा होत्या तितक्या सगळ्यांवर ते ऐकू येत होतं. एकही मध्ये बोलली नाही. बोलता आलंच नसतं. पण बोलता आलं असतं तरी.

"किनारा अगदी इथे आहे. माणसं दिसतात. एकाने आत्ता हात हलवला. मीही हलवला. काय करणार? समोरच्याने हलवला की हलवतोच आपण." वल्हं होडीवर आपटलं. "भांडायला आले होते तुमच्याशी. घरी भांडता येत नाही, थोरली दाराशी उभी राहून माझा श्वास मोजत असते. मी झोपेचं सोंग घेते, नाहीतर ती झोपायची नाही. पोर वाळली पार."

थोरलीने स्टुलाच्या दोन्ही कडा धरल्या. चीफ काचेकडून वळले नाहीत.

"इथे बरं वाटतंय हो. तेच वाईट आहे. फार बरं वाटतंय." पिशवी पुन्हा चुरगळली. "चला. जाते मी. जाते हं."

आणि आवाज तुटला.

"काही मिनिटं झाली की यंत्र आपणहून तोडतं," ऑपरेटर सांगत होता, "बटण अडकलं असेल तर..." पण थोरली ऐकत नव्हती. आई गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना येते म्हणायची. ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा स्ट्रेचरवरून येते म्हणाली होती. जाते हा शब्द तिने कधी स्वतःसाठी वापरल्याचं थोरलीला आठवेना. जाते म्हणू नये, एवढं लहानपणी सगळ्यांनाच शिकवतात, आणि शिकवते ती आईच.

"हाक मारा," ती म्हणाली. "हाक मारा तिला!"

"अहो, अहो, अहो, हे बंदर कंट्रोल. ओव्हर."

काही नाही.

"अहो, अहो, अहो."

"ऐकतोय," मघाचा पहिला आवाज आला, पण ह्या वेळी त्यात थट्टा नव्हती. "त्या बाई का? नारंगी होडी? मी जवळच आहे. वळवतो."

"मीही निघालो," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने जाळं अर्ध्यात सोडलं. काचेतून दिसत होतं: चारी दिशांनी नावा वळल्या, मागे पांढऱ्या रेघा ओढत त्या एका ठिपक्याकडे निघाल्या. चीफनी दुर्बीण मागितली आणि डोळ्यांना न लावताच परत दिली. थोरली जिन्यावरून खाली पळाली ती किती पायऱ्या कशी उतरली हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. एक चप्पल मध्येच कुठेतरी राहिली.

ती उताराशी पोचली तेव्हा समुद्रावरून एक मिरवणूक येत होती. मधोमध नारंगी होडी, आणि तीत आई. आयुष्यात कधी मारलं नसेल इतक्या जोरात वल्हं मारत. भोवती नावा, लहान-मोठ्या, भोंगे वाजवत. प्रत्येक नावेच्या काठाशी उभा राहून एकेक माणूस दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होता, "अहो! अहो!"

आई उताराला लागली आणि घामाघूम उतरली. "काय झालंय काय ह्या लोकांना? आधी मला चिरडायला आले. मग सगळे अहो अहो करायला लागले. मघापासून तेच चाललंय, म्हणून तर आवाज बारीक केला मी."

"कशाचा आवाज?"

आईने जॅकेटच्या आतून वायरलेस काढला. तो दुधाच्या पिशवीत घातलेला होता, पिशवीला दोन घड्या, वरून रबर बँड. एक रबर बँड घसरून बरोबर मोठ्या बटणावर बसला होता.

"आई, तो वॉटरप्रूफ आहे!"

"असेल. म्हणून काय मुद्दाम भिजवायचा? नवा आहे."

थोरलीने ते पुडकं हातात घेतलं. रबर बँड काढायला गेली तर बोटांना तो निघेना. आईने काढून दिला, आणि मनगटात घालून ठेवला, पुढे कशाला तरी होईल म्हणून.

"सगळं ऐकू आलं," थोरली म्हणाली.

"कुणाला?"

"सगळ्यांना."

आईने वळून नावांकडे पाहिलं. नावांवरची माणसं एकदम जाळ्यांकडे, दोऱ्यांकडे, कुठल्याही कामाकडे बघू लागली. आईचा चेहरा कपाळापासून लाल होत खाली आला. तिने पदर शोधावा तसा जॅकेटचा ओला पट्टा चाचपला.

"तू जाते म्हणालीस," थोरली म्हणाली. एवढं म्हणताना तिचा आवाज आठ वर्षांच्या मुलीसारखा निघाला, आणि त्याची तिला लाज वाटली, पण तो तसाच निघत राहिला. "दोनदा म्हणालीस."

आईने तिच्या अनवाणी पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि तिला एकदम सगळंच कळलं असावं. कपाटं, किल्ल्या, दाराशी उभं राहणं.

"अगं, मग काय म्हणायला हवं होतं?" ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला कुणी 'येते' म्हणतं का, वेडे?"